नळीचं दुसरं टोक

गॅरेजमध्ये सगळे त्याला कानसेन म्हणायचे, आणि ते नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच हा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीखालून ओरडायचा, तिसरा प्लग गेलाय, आणि तो गेलेलाच असायचा. इतर गॅरेजचे लोक आपल्या अडलेल्या गाड्या त्याच्याकडे आणायचे ते हात लावायला नाही, नुसता कान लावायला. मालक म्हणायचा, बाबा रे, सुट्टीवर खुशाल जा, पण जाताना कान तेवढे खुंटीला लावून जा.

आता गॅरेज सुटलं होतं, आणि त्या कानांची काय गत झाली होती, हे कानसेनशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आधी उजवा गेला. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं असं समजून त्याने ते खाली काढलं, उघडलं, आणि आतली चाकं व्यवस्थित फिरताना बघून गुपचूप परत टांगलं. मग डावाही त्याच वाटेने निघाला. डॉक्टरकडे जायचं सोडून या गृहस्थाने भलताच उपाय काढला. कुणी काही विचारलं की तोंडाकडे बघून हसायचं आणि "हो" म्हणायचं. हो म्हटलं की माणसं खूश होतात आणि पुढे खोदत बसत नाहीत. या होकारापायी लेकीचं मांजर सुट्टीभर त्यांच्याकडे राहायला आलं, बसायचा जुना कोच शेजाऱ्यांच्या घरी गेला, पण गुपित काही फुटलं नाही. त्याला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आयुष्यभर ज्याच्या जोरावर मिरवलं तेच गेलं, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि बायको काही साधीसुधी नव्हती. तरुणपणी ती घाटातल्या शर्यतींत गाडी चालवायची. वळणावर ब्रेक लावणारी माणसं तिला मुळात आवडतच नसत. गाडी होती दोन सीटची, बुटकी, गडद हिरवी, तारांच्या चाकांची, वर कापडी टप. ती दोघांनी लग्नाआधीच भागीत घेतली होती, भंगारवाल्याच्या आवारातून. पुढे लग्न केलं ते गाडीची वाटणी करता येईना म्हणून, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि तो चिडला की आणखी रंगवून सांगायची. लग्नाआधी ती त्याला मिस्त्री म्हणायची. लग्नानंतरही मिस्त्रीच म्हणत राहिली.

त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते. इंजिनाची दोन नाकंच म्हणा. दोन्ही नाकांनी सारखा श्वास घेतला तर गाडी सुखाने पळणार, नाहीतर एक नाक चोंदल्यासारखी गुरगुरत बसणार. शर्यतीच्या आदल्या दिवशी हा हातभर रबरी नळी घ्यायचा, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आतल्या हवेचा सूं असा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि स्क्रू फिरवत दोन्ही आवाज एका पट्टीत आणायचा. ती सीटवर बसून पायाने हलकी रेस धरून ठेवायची. बॉनेट उघडलं की दोघं एकमेकांना दिसत नसत. त्याला कानाने कळायचं, तिला बुडाखालच्या सीटने. स्टिअरिंगची थरथर निवली की ती म्हणायची, "आता." याच्याही कानाने तेच सांगितलेलं असलं तर बॉनेट बंद. नसलं तर पुन्हा पहिल्यापासून. दोघांचं एकमत झाल्याशिवाय बॉनेट पाडायचं नाही, हा त्यांच्या संसारातला सगळ्यात जुना नियम होता. इतर कशावर एकमत झालं नाही तरी चालायचं.

मग लेक झाली आणि दोन सीटची गाडी तिघांना पुरेना. ती मागच्या शेडमध्ये गेली, तिच्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर ट्रंका आल्या, ट्रंकांवर मोडक्या खुर्च्या आणि लेकीची तीन चाकी सायकल. वर्षं निघून गेली. बायको घरची साधी गाडी चालवत राहिली, तीही झोकात. कानसेन शेजारी बसून उगाच समोरच्या फळीला धरून ठेवायचा आणि ती म्हणायची, सोडा ती, पडणार नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी ती घरची गाडी उलटी बाहेर काढत होती. कानसेन मागे उभा राहून हात दाखवत होता. गाडी सरळ फाटकाच्या खांबावर गेली. लागलं कुणालाच नाही, दिवा फुटला आणि मागचा पत्रा चेपला, एवढंच. त्याने तिची समजूत काढली. जागा कमीच होती, कुणाचाही अंदाज चुकला असता, असं अगदी मनापासून म्हणाला. तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, किल्ली नेऊन खिळ्याला अडकवली, आणि त्यानंतर त्या किल्लीला हात लावला नाही. बाजारात जायचं तर लेकीला फोन करायची आणि गाडीत मागे बसायची. मागे! कानसेनला ते बघवेना. ती पहिल्यासारखी भांडतसुद्धा नव्हती.

त्याला बोलून पटवता येत नसे, तो हाताने बोलणारा माणूस. त्याने शेडमधली ताडपत्री ओढून काढली.

पुढचं वर्ष घर घराच्या जागी राहिलं नाही. इंजिन सुटं झालं आणि बिस्किटांच्या डब्यांत भरलं गेलं. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर पिस्टन आले, उरलेल्या अर्ध्यावर दोघं जेवायची. ओव्हनमध्ये एकदा केकऐवजी बेअरिंग बसवायचं घर तापायला ठेवलेलं सापडलं तेव्हा मात्र तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि तो इतका खूश झाला की त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. फरशीचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो त्याने कापून नवा जोडला. चाकांच्या तारा एकेक करून घासल्या. सीटची कातडी उसवली तेव्हा खालच्या काथ्यात एक केसाची पिन निघाली. ती त्याने पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. शर्यतीच्या आधी केस घट्ट बांधताना तिच्या दातांत अशाच पिना धरलेल्या असायच्या, आणि त्याच अवस्थेत ती त्याला सूचना द्यायची, हे आठवून तो काथ्याच्या ढिगात बराच वेळ बसून राहिला. ते दिवस परत हवे होते असं नाही. त्या पिना दातांत धरणारी बाई परत हवी होती.

ती चहा घेऊन शेडच्या उंबऱ्यापर्यंत यायची. कप दगडावर ठेवायची, रंग जरा काळपट झालाय किंवा डावा आरसा वाकडा आहे असं काहीतरी सांगायची, आणि आत पाऊल न टाकता परत जायची. सांगितलेलं मात्र दरवेळी बरोबर असायचं. गाडी पुरी झाल्यावर त्याने विचारलं, येतेस का रेस धरायला? ती नाही म्हणाली. मानेनेच म्हणाली, म्हणून त्याला कळलं. माझं आता गाडीचं वय राहिलं नाही, असंही म्हणाली असावी. तो हो म्हणाला.

म्हणून मग त्याने एकट्यानेच सुरुवात केली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं, तेवढं त्याला तळव्यांना कळलं. पण नळी कानाला लावली तर आत काहीच नाही. डाव्या कानात लांब कुठेतरी नळ गळावा तसं काहीतरी, उजव्यात तेही नाही. त्याने अंदाजाने स्क्रू फिरवला. जुन्या सवयीने हात बरोबर जाईल असं त्याला वाटत होतं, पण हात आजवर कानाच्या हुकमावर चालत आले होते, त्यांना स्वतःची अक्कल नव्हती. गाडी खोकली. सायलेन्सरमधून बार निघाला. शेजाऱ्यांकडे गेलेल्या कोचावर झोपलेलं त्यांचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. हे त्याला नंतर कळलं, त्या वेळी त्याला वाटलं की बरंच जमत आलंय.

रोज सकाळी हेच. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवली जाऊ लागली, तेही त्याला ऐकू येत नव्हतं. शेवटी एका सकाळी बायको ओले हात पदराला पुसत तरातरा आली, उंबरा ओलांडला आणि थेट त्याच्या तोंडासमोर उभी राहिली. एवढ्या जवळून आणि एवढ्या रागाने बोलली की त्याला सगळं समजलं.

"तुमचा कावा कळला मला, मिस्त्री. मागचा कार्बोरेटर उपाशी मरतोय, पुढच्याला अजीर्ण झालंय, आणि म्हणे कानसेन! मुद्दाम छळताय बिचारीला, मी न राहवून बाहेर यावं म्हणून."

 आपण एवढे चतुर आहोत हे कानसेनला आत्ताच समजत होतं. नाही म्हणावं तर खरं सांगावं लागणार, आणि श्रेय तर आयतं दारात चालून आलेलं. तो नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, "हो."

ती दार उघडून गाडीत बसली. आधी नुसतीच बसली. मग तिचा हात गिअरवर गेला, तो न बघता गेला, आणि पायाने पेडल शोधलं. एवढ्यासाठीच तर वर्षभर हात काळे केले होते. त्याला एकदम भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून तो घाईघाईने बॉनेटमागे गेला.

तिने रेस धरली. त्याने नळी डाव्या कानाला लावली, डोळे मिटले आणि स्क्रूला हात घातला. पूर्वी असंच व्हायचं, डोळे मिटले की गाडी उघडायची. तो फिरवत गेला. पलीकडे ती म्हणाली, आता. तो फिरवतच होता. थरथर परत सुरू झाली. ती पुन्हा म्हणाली, आता, जरा मोठ्याने. मग ओरडली. इंजिन दोनदा सुरावर येऊन दोनदा घसरलं. तिने पाय काढला आणि उतरून बॉनेटला वळसा घालून पुढे आली.

कानसेन इंजिनावर वाकला होता. डोळे मिटलेले, कपाळावर तीच जुनी आठी, मान अगदी किंचित हलत होती, जसं काही आतलं सगळं स्वच्छ ऐकू येतंय. नळीचं एक टोक कानात होतं. दुसरं कार्बोरेटरवरून केव्हाच निसटलं होतं आणि मडगार्डवरून खाली लोंबत होतं. तो तन्मय होऊन काहीच ऐकत नव्हता.

ती तशीच उभी राहिली. कोच, मांजर, प्रत्येक गोष्टीला हो, सगळं एका जागी आलं असावं. मग तिने ते लोंबतं टोक हळूच उचललं, ओठांशी नेलं आणि त्यात बोलली.

"मिस्त्री, कधीपासून?"

कितीतरी महिन्यांनी बायकोचा आवाज त्याच्या कानात नीट शिरला, आतपर्यंत, जवळून. जरासा बसलेला, पण तोच. त्याने डोळे उघडले. हो म्हणून भागण्यासारखा हा प्रश्न नव्हता.

"उजवा आधीच गेला," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली असतील. डावा चाललाय आता."

तिने नळी सोडली, गाडीत वाकून इंजिन बंद केलं आणि परत आली. शेडमध्ये शांतता झाली, निदान तिच्यासाठी. तिने नळी पुन्हा तोंडाशी धरली.

"फाटकाच्या दिवशी मी काच खाली करून तुम्हाला विचारलं होतं, मागे जागा आहे का. तुम्ही काय म्हणालात?"

तिने काच खाली केली होती हे त्याला आठवलं. तोंड हललं होतं हेही आठवलं. काय विचारलं ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं, आणि नंतर विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. "हो म्हणालो असेन," तो म्हणाला. "मी सगळ्यालाच हो म्हणतो."

ती खाली ठेवलेल्या ट्रंकेवर बसली. नळी ताणली गेली म्हणून त्यालाही वाकून तिच्यासमोर उकिडवं बसावं लागलं. मग तिने वर्षभर मनात ठेवलेलं सांगितलं. तिने त्याचा हो ऐकला होता, स्पष्ट. आणि खांबावर आदळल्यावर तोच माणूस येऊन सांगतो की जागा कमी होती. म्हणजे तो हो बोललाच नव्हता, तिलाच भास झाला होता. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. न बोललेलं ऐकू यायचं, मग घर ओळखेना, मग माणसं. बायको वर्षभर रोज सकाळी उठून स्वतःलाच प्रश्न विचारून बघायची, आज वार कोणता, लेकीचा वाढदिवस कधी, दूध किती घ्यायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. त्याला सांगितलं तर तो घाबरेल, असं तिला वाटत होतं.

 एक आपले कान लपवत होता, दुसरी आपलं डोकं, आणि दोघं एकाच टेबलावर पिस्टनच्या शेजारी बसून जेवत होती. "माझ्यामुळे," एवढंच तो म्हणाला.

"तुमच्यामुळेच," ती म्हणाली, तोंडाने, नळीशिवाय, आणि ते त्याने ओठांवरून बरोबर वाचलं. मग तिने नळीच्या टोकाने त्याच्या खांद्यावर एक फटका मारला, मग आणखी एक, तो जरा जोरात. मग तिचे डोळे भरले, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. माझं डोकं ठीक आहे, ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा, माझं डोकं ठीक आहे. तो तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. त्यालाही रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने नाक पुसलं, त्याला नळी परत दिली आणि बागेत पाणी घालायच्या पाइपाकडे बोट दाखवलं. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं हे तिने तिथेच ठरवून टाकलं, पण आधी गाडी. टप उघडाच होता. हिरवा पाइप बॉनेटला वळसा घालून काचेवरून आत घेतला, एक टोक त्याच्या डाव्या कानात, दुसरं तिच्या हनुवटीखाली पदरात खोचलेलं. लेकीने हे पाहिलं असतं तर दोघांनाही डॉक्टरकडे नेलं असतं, पण वेगळ्या.

तिने रेस धरली. आता तो कानाने ऐकत नव्हता, तिच्या सीटने ऐकत होता. मागच्याला जरा द्या, पाइपातून आवाज यायचा. अजून. फार झालं, परत या. पुढच्याला हात लावू नका, तो गुणाचा आहे. त्याने दुसरा तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला. हळूहळू थरथर बारीक होत गेली, आणि एका क्षणी तळव्याखाली सगळं एकसारखं झालं. त्याने हात स्क्रूवरून उचलला. त्याच वेळी पाइपातून आवाज आला.

"आता."

कानसेनने बॉनेट पाडलं.

गाडी शेडमधून उलटी काढायची होती, आणि वाटेत तोच खांब. पाइप तिथवर पुरणारा नव्हता, म्हणून तिने तो काढून बाहेर टाकला. त्याने खिशातली पिन काढून तिच्या हातावर ठेवली. ती कुठली हे तिने विचारलं नाही, दातांत धरली, केस मागे ओढले आणि पिन खोचली. तो जाऊन फाटकाशी उभा राहिला. तिने गिअर टाकला, गाडी खांबापर्यंत मागे आणून थांबवली, अंग वळवून मागे बघितलं, आणि तिचे ओठ हलले.

हो त्याच्या जिभेवर तयारच होता. त्याने तो गिळला. दोन पावलं पुढे आला, कानामागे हात धरला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "ऐकू आलं नाही. परत बोल."

वरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती थांबून बघायला लागली. बघू दे. बायकोने परत विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तो वळला, खांबापाशी वाकला, खांब आणि मागचं चाक यांच्यात हात घालून नीट मापून बघितलं.

"वीतभर आहे," तो म्हणाला. "ये."

ती आली, आणि चांगली वेगात आली. वीतभर जागा तिला पुष्कळ होती.